मुंबई ते लंडन : अंतर ७,२१० किमी, पण तास नेमके किती?

कासपठार | ३ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. माझी आई या महिन्याच्या शेवटी साताऱ्याहून माझ्याकडे, लंडनजवळच्या रेडिंगला येते आहे. वय ७१, आणि पहिल्यांदाच एकटी. मागच्या खेपेला बाबा बरोबर होते. आता ते नाहीत.

मुंबई ते हीथ्रो थेट विमान आहे. आईला मधुमेह आहे, सकाळी आठ आणि रात्री आठ असं दोन वेळा इन्सुलिन. मागच्या प्रवासात आम्ही वेळेचा हिशेब चुकवला होता आणि पासपोर्टच्या रांगेत तिची साखर एकदम उतरली. बाबांनी खिशातली खडीसाखर दिली म्हणून निभावलं. यंदा खिशात खडीसाखर घेऊन बरोबर कोणी नसणार, म्हणून मला हा वेळ नीट समजून घ्यायचा आहे.

तिकिटावर असं आहे : मुंबईहून दुपारी १:२० ला सुटणार, लंडनला त्याच दिवशी संध्याकाळी ६:१० ला पोचणार. आई फोनवर म्हणाली, "म्हणजे पाच तासांत येते की गं!" तिला समजावलं की ६:१० ही लंडनची वेळ, तिथे घड्याळ साडेपाच तास मागे. म्हणजे ४ तास ५० मिनिटं अधिक ५ तास ३० मिनिटं, एकूण १० तास २० मिनिटं. इथवर मला कळतं.

पण विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या दोन साइट पाहिल्या. अंतर दोन्हीकडे साधारण ७,२१० किमी. वेळ मात्र एक साडेआठ तास म्हणते, दुसरी नऊ. आणि फेब्रुवारीतलं परतीचं तिकीट आहे रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११:४५, म्हणजे ९ तास १५ मिनिटं. तेच दोन विमानतळ, तेच अंतर, आणि जाता-येता तासाचा फरक?

यातला कुठला आकडा धरून मी आईच्या जेवणाचं आणि इंजेक्शनचं वेळापत्रक करू?

---

पोफळी | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

पाकिस्तानची हवाई हद्द बंद आहे ना, त्यामुळे लांबून जावं लागतं. दीड-दोन तास सहज वाढत असणार.

पण एक मला कधीच कळलेलं नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाताना लंडन स्वतःच आपल्याकडे येत असतं. जाताना वेळ कमी लागायला हवा, इथे उलटं कसं?

---

ध्रुवमत्स्य | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

पोफळी, हा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो, आणि ज्याला पडतो तो मुलगा विचार करणारा असतो. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवासुद्धा फिरते. मुंबईची जमीन ताशी सुमारे १,५८० किमी वेगाने पूर्वेला सरकते आहे, आणि तिच्यावरची हवा, धावपट्टीवरचं विमान, आत बसलेली माणसं हे सगळं त्याच वेगाने सरकतं आहे. विमान जमिनीवरून उठलं म्हणून तो वेग त्याला सोडून जात नाही. चालत्या एसटीत उडी मारली तर आपण मागच्या सीटवर पडत नाही, तसंच.

आता अंतराकडे येतो. कासपठार, घरात शाळेचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. तो जिथून जाईल तो सर्वात जवळचा मार्ग. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेघ सिरिया-तुर्कस्तानच्या सीमेवरून जाताना दिसते. गोलावरचा दोरा मात्र उत्तरेकडे फुगतो : कच्छ, कराची, बलुचिस्तान, इराण, मग कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन, जर्मनी. नेमका मध्य येतो तिबिलिसीच्या थोडा दक्षिणेला, जॉर्जिया आणि आर्मेनियाच्या सीमेवर. मुंबई-लंडनचा अर्धा रस्ता तिथे होतो असं कोणाला वाटेल?

हिशेब असा. पृथ्वीच्या केंद्राशी या दोन शहरांमध्ये जवळपास ६५ अंशांचा कोन होतो. एका अंशात ६० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३,८९० सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किमीचा, म्हणून ७,२१० किमी. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर हा दोरा १७ सेंमी भरतो. मुलांना हे करायला दिलं की अंतर हाताला कळतं.

तुमच्या साइट याच दोऱ्याला एका ठरावीक वेगाने भागतात. ताशी ८५० किमी धरला की साडेआठ तास, ८०० धरला की नऊ. वारा, वळणं, धावपट्टीवरची रांग यातलं काहीच त्यात नसतं. अंतर बरोबर आहे, वेळ फक्त भागाकाराचा आहे.

---

पोफळी | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

एसटीचं उदाहरण पटलं. धन्यवाद सर.

---

धावपट्टी | ४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी २२ वर्षं विमानतळावर ग्राउंडला काम केलं, म्हणून तिकिटावरच्या वेळेबद्दल सांगतो.

तिकिटावर असतो तो हवेतला वेळ नव्हे. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. विमान उभं असतं तेव्हा चाकांना ठोकळे लावलेले असतात, त्यांना चॉक्स म्हणतात. मुंबईत ते काढले की घड्याळ सुरू, आणि लंडनला परत लावले की बंद. दार लागलं, ट्रॅक्टरने विमान मागे ढकललं, इंजिनं सुरू झाली, टॅक्सी-वेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर, रांग लागली, हे सगळं त्यात आलं.

मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी उड्डाणाआधी २०-३० मिनिटं रांगेत जाणं नेहमीचं आहे. हीथ्रोला दोन धावपट्ट्या समांतर आहेत, तरी गर्दी इतकी की उतरण्याआधी विमानांना आकाशात गोल घिरट्या घालायला लावतात. त्यासाठी चार ठरलेल्या जागा आहेत : बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन. आईला सांगून ठेवा की शेवटी विमान एकाच जागी फिरतंय असं वाटलं तर घाबरू नकोस, नंबर लागलेला असतो.

हे सगळं धरून आणि वर थोडी मोकळीक ठेवून कंपनी वेळ छापते. म्हणून पुष्कळदा विमान तिकिटापेक्षा २०-२५ मिनिटं आधी पोचतं. ही मोकळीक म्हणजे फसवणूक असं काही लोक म्हणतात, मला ते मान्य नाही. पुढच्या विमानात बसणारे प्रवासी, कामावर येणारा क्रू, रिकामा व्हायचा बे (विमान उभं करायची जागा), सगळं त्या एका आकड्यावर टांगलेलं असतं. तो खोटा आशावादी ठेवला तर संध्याकाळपर्यंत अर्धा विमानतळ उशिरा चालतो.

तुमच्या कामासाठी तिकिटाचाच आकडा धरा, साइटचा नको.

---

मृगसरी | ४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

जाता-येता फरकाचं उत्तर वाऱ्यात आहे. हवामान हा माझा अभ्यासाचा विषय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

विमानाचा वेग दोन प्रकारचा. एक भोवतालच्या हवेच्या तुलनेतला, तो मोठ्या विमानाचा ताशी ९०० किमीच्या आसपास. दुसरा जमिनीच्या तुलनेतला, आणि तुम्ही कधी पोचणार हे तोच ठरवतो. नदीत होडी वल्हवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

१० ते १२ किमी उंचीवर आपल्या अक्षांशांपासून युरोपापर्यंत वारा मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. त्यातला सर्वात जोरदार पट्टा म्हणजे जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तो हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावर येतो आणि ताशी दीडशे-दोनशे किमी सहज गाठतो. तुमच्या आई नोव्हेंबरअखेर येणार, म्हणजे हा वारा तोंडावर घेत येणार. फेब्रुवारीत परत जातील तेव्हा तोच पाठीवर असेल.

समजा पूर्ण वाटेवर सरासरी ८० किमीचा वारा आहे. जाताना वेग ८२०, येताना ९८०. ७,२१० किमीला जाताना ८ तास ४८ मिनिटं, येताना ७ तास २१ मिनिटं. जवळजवळ दीड तासाचा फरक केवळ वाऱ्याने पडला! तुमच्या तिकिटांत तो तासाभराचा दिसतो, म्हणजे कंपनीने सरासरी थोडी सौम्य धरली आहे.

वाऱ्यापुढे अंतर किती दुय्यम ठरतं याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडिया हे विमान आधी अटलांटिकवरून नेत असे, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० किमी झालं, १,४०० किमी जास्त. वेळ मात्र साडेचौदा तास, आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी! दोन्ही वेळा वारा तोच होता, फक्त तो पाठीवर घेतला.

आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा नावाच्या वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी तिथे सहा-साडेसहा तास लागतात.

पावसाळ्यात चित्र बदलतं. पश्चिमेचा हा पट्टा हिमालयाच्या पलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर, आणखी वरच्या थरात, पूर्वेकडून वाहणारा वेगळाच जेट उभा राहतो. तो १९५० च्या दशकात भारतीय हवामान विभागातल्या पी. कोटेश्वरम यांनी जगापुढे मांडला. या माणसाचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

---

कासपठार | ४ नोव्हेंबर, रात्री ११:००

किती नीट सांगताय सगळे. मृगसरी, आता परतीचं ९:१५ कळलं. पण मग पोफळी म्हणतात तसा बंद हद्दीमुळे किती वेळ वाढतो? सगळेजण तेच कारण सांगतात.

---

ध्रुवमत्स्य | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

काल रात्री मी दोरा दुसऱ्या वाटेने लावून पाहिला. मुंबईहून समुद्रावरून मस्कत, तिथून बगदाद, मग तुर्कस्तान ओलांडून बुखारेस्ट आणि लंडन. तुकड्यातुकड्यांनी बेरीज केली तर सुमारे ७,४०० किमी. सरळ वाटेपेक्षा जेमतेम २०० किमी जास्त, म्हणजे पंधरा मिनिटं. प्रत्यक्षातली वाट याहून थोडी वाकडी असेल, पण दीड-दोन तास मुंबईच्या विमानाला त्यातून येत नाहीत.

२०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून १६ जुलैपर्यंत हद्द बंद होती. आता २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांसाठी पुन्हा बंद झाली. त्याचा खरा फटका दिल्ली, अमृतसर, लखनौ यांना. दिल्लीच्या विमानाला आधी खाली गुजरातकडे येऊन समुद्र गाठावा लागतो आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. मुंबई मुळातच समुद्रावर बसलेली आहे.

दुसरी अडचण दोऱ्याच्या पुढच्या टोकाला आहे. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, म्हणून काळ्या समुद्रानंतर रुमानियाकडून जावं लागतं. तोही वळसा या वाटेवर लहानच.

---

जुहूकर | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

ध्रुवमत्स्य यांच्या दोऱ्याने मला थांबवलं. मुंबईहून निघून कच्छ आणि मग कराची.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा याच पट्ट्यातून उलट दिशेने आले होते. कराचीहून टपाल घेऊन, एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून, अहमदाबादला थांबत जुहूच्या मैदानावर. कराचीच का? तर इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची लंडनहून येणारी हवाई टपाल वाट १९२९ पासून कराचीपर्यंत येऊन थांबत होती. मुंबईला लंडनशी हवेतून जोडणारा पहिला दुवा म्हणजे तो कराची-जुहू तुकडा. आज त्याच तुकड्यावरून मुंबईचं भारतीय विमान जाऊ शकत नाही. माझे वडील जुहूच्या त्या मैदानाजवळ लहानाचे मोठे झाले, त्यामुळे मला हे वाचून गलबलून आलं.

आणि मुंबई-लंडन म्हणाल, तर एअर इंडियाचं पहिलं विमान ८ जून १९४८ ला सुटलं. कॉन्स्टेलेशन जातीचं, नाव मलबार प्रिन्सेस. कैरो आणि जिनिव्हा करत १० जूनला लंडन. पंख्याची चार इंजिनं, दोन मुक्काम, आणि तारखेत दोन दिवसांचा फरक. कासपठारताई, तुमच्या आई दुपारी जेवून निघतील आणि रात्री तुमच्या हातचं जेवतील.

---

डॉ_कण्हेर | ५ नोव्हेंबर, रात्री ८:४५

धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न इन्सुलिनचा आहे, आणि त्याचं उत्तर दहा तासांत नाही. ते साडेपाच तासांत आहे. पश्चिमेला जाताना दिवस साडेपाच तासांनी लांबतो. आईचा तो दिवस २४ नव्हे, साडेएकोणतीस तासांचा असेल. परतताना साडेअठरा तासांचा.

रात्री आठचं इंजेक्शन भारतीय वेळेने घ्यायचं तर तेव्हा लंडनला दुपारचे अडीच, विमान काळ्या समुद्राच्या अलीकडे-पलीकडे. लंडनच्या वेळेने आठ वाजता घ्यायचं तर भारतात रात्रीचा दीड. यातलं काय करायचं, मात्रा विभागायची का, हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी इन्सुलिनचा प्रकार पाहून ठरवायचं. इथे कोणी युनिट सांगू नये, मीही सांगणार नाही. डॉक्टरांकडे जाताना मात्र हा तक्ता घेऊन जा : दोन्ही देशांची वेळ शेजारी शेजारी, आणि प्रत्येक वेळेपुढे तेव्हा जेवण मिळणार का.

बाकी इतकं नक्की करा. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही, कारण तिथे ते गोठून वाया जाऊ शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर. इंजेक्शन जेवणाचं ताट समोर आल्यावरच, कारण हवेत धक्के सुरू झाले की जेवण वाढणं थांबवतात. पिशवीत दशम्या आणि साखरेचे चौकोन. साखर तपासायचं यंत्र हाताशी. दर तासा-दीड तासाने उठून चार पावलं चालणं, पाणी पीत राहणं. आणि रेडिंगच्या घरी पोचेपर्यंत मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवरच राहू दे.

---

टेम्सकाठ | ६ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

माझ्या सासूबाई दोनदा आल्या. साखर उतरण्याची खरी जागा मला वाटतं विमान नव्हे, विमानाच्या आधीचे आणि नंतरचे तास. सातारा-मुंबई पाच-सहा तास, तीन तास आधी पोचायचं, इकडे उतरल्यावर चालत जायचा लांब रस्ता, पासपोर्ट, सामान. व्हीलचेअरची मदत आताच तिकिटावर नोंदवा. आई चालू शकत असली तरी नोंदवा, रांगेत उभं राहणं वाचतं आणि बरोबर एक माणूस असतो.

शक्य असेल तर डावीकडची खिडकी घ्या. वाट वायव्येकडची आणि नोव्हेंबरचा सूर्य नैऋत्येला, त्यामुळे मावळती डावीकडे दिसते. विमान सूर्याच्या मागे मागे जात असतं म्हणून संध्याकाळ संपतच नाही. सासूबाईंनी तो लांबलेला संधिप्रकाश पाहून गच्च डोळे भरून आल्याचं सांगितलं होतं.

---

कासपठार | २८ नोव्हेंबर, सकाळी ११:३५

आई पोचली. आत्ता शेजारी बसून चहा पितेय.

तिला सांगितलं होतं की वहीत वेळा लिही, भारताच्याच घड्याळाने. तिने सगळं लिहिलंय, जसंच्या तसं देते, कंसात नाही पण मध्ये मी थोडं जोडते आहे.

साताऱ्याहून निघाले, पहाटे ३:३०. विमानतळ, ९:४०. वाटेत थालीपीठ खाल्लं, सकाळचं इंजेक्शन ८ ला.

विमान मागे सरकलं, १:३४. जमीन सोडली, २:०२. धावपट्टीकाका, रांग अगदी तुम्ही सांगितली तशी.

पडद्यावर मस्कत, मग बगदाद, मग काळा समुद्र, बुखारेस्ट. कराची दिसली नाही. ही ओळ तिने स्वतः लिहिलीय, कारण जुहूकरांचा प्रतिसाद मी तिला फोनवर वाचून दाखवला होता.

अंधार पडला, साधारण ८:३०. त्याआधी बराच वेळ तांबूस उजेड होता, खिडकीपाशीच बसून राहिले.

डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे ८:१० ला ताट आल्यावर इंजेक्शन. साखर १४२. इथे पोचल्यावर काय करायचं तेही त्यांनी लिहून दिलं होतं.

चाकं टेकली, ११:१६. विमान थांबलं, ११:२८. म्हणजे हवेत ९ तास १४ मिनिटं, आणि ठोकळ्यांपासून ठोकळ्यांपर्यंत ९ तास ५४ मिनिटं. तिकिटापेक्षा २६ मिनिटं कमी. साइटचा एकही आकडा बसला नाही.

व्हीलचेअर घेऊन आलेली मुलगी पंजाबची होती, आईला बीजी म्हणाली. पासपोर्टच्या रांगेआधी साखर पुन्हा तपासली, १२८. बाहेर आले, १२:३५. रेडिंगच्या घराचं दार, १:४०.

साताऱ्याच्या दारापासून इथल्या दारापर्यंत २२ तास १० मिनिटं. वहीच्या त्या पानाखाली तिने बाबांचं नाव लिहिलंय, आणि पुढे "खडीसाखर लागली नाही."

---

डॉ_कण्हेर | २८ नोव्हेंबर, दुपारी १:०५

वाचून फार बरं वाटलं. वही जपून ठेवा, फेब्रुवारीत परतीचा तक्ता करताना लागेल. तेव्हा रात्रीचं विमान आणि दिवस लहान, त्यामुळे डॉक्टरांकडून तो हिशेब नव्याने करून घ्या.